एका ‘सॉरी’चा अर्थ

परवा एसटीनं गावाकडं निघालो होतो. बाजाराचा दिवस, त्यामुळे गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका थांब्यावर कॉलेजचा एक मुलगा घाईघाईनं चढला आणि त्याचा बूट दाराशेजारच्या सीटवर बसलेल्या एका आजोबांच्या पायावर पडला. मुलगा पटकन ‘सॉरी आजोबा’ म्हणाला आणि मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहिला. आजोबांनी पाऊल चोळत त्याच्याकडे वर पाहिलं आणि म्हणाले, ‘‘सॉरी म्हनून पायाची आग थांबती व्हय रं?’’ आसपासची माणसं हसली. मुलगाही हसला आणि जरासा बाजूला सरकला. गाडी पुढं निघाली.

माझ्या डोक्यातून मात्र आजोबांचा प्रश्न जाईना. एक तर मी कवी. शब्द उलटापालटा करून पाहायची खोड मला पहिल्यापासूनची. शिवाय या एका शब्दाशी माझा जुना हिशेब आहे. त्याबद्दल आज थोडं मोकळेपणानं बोलावं म्हणतो.

‘सॉरी’ आता आपल्या घरात पाहुणा राहिलेला नाही. धक्का लागला, सॉरी. फोन चुकून दुसऱ्याला लागला, सॉरी. लग्नाला यायला जमलं नाही, सॉरी. दुकानदाराकडे सुट्टे नाहीत, तरी सॉरी. दोन पोरं भांडली की आई म्हणते, ‘‘चल, सॉरी म्हण त्याला.’’ आणि बोबड्या तोंडाचं पोर मान खाली घालून ‘सॉली’ म्हणून मोकळं होतं. एखादा परका शब्द आपला झाला की नाही, हे ओळखायची माझी एक खूण आहे. त्याला जोडीदार मिळाला की तो आपला झाला. चहाबिहा, पुस्तकबिस्तक, तसं ‘‘ते सॉरीबिरी काही नको मला, पैसे कधी देतोस ते सांग.’’ ज्याला ‘बिरी’ मिळाली, तो सॉरी मराठी झाला.

हा शब्द येण्याआधी आपण काय करत होतो? माझ्या लहानपणी कुणाला चुकून पाय लागला तर त्या माणसाला हात लावायचा आणि तो हात आपल्या छातीला किंवा कपाळाला लावायचा. शब्द एकही नाही. आमच्या मोहल्ल्यातही हेच आणि पलीकडच्या माळी गल्लीतही हेच. ही खूण कुणाच्या धर्माची नव्हती, गावाची होती. दुकानाच्या बिलाखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहिलेलं असे. चूकभूल द्यावी घ्यावी. मला हा व्यवहार फार आवडतो. चूक माझीही असेल, तुमचीही असेल, दोघं मिळून दुरुस्त करू, असं त्या चार अक्षरांत सांगितलेलं असे. आणि प्रसंग मोठा असेल तर ‘माझं चुकलं’. हे दोन शब्द उच्चारायला मात्र माणसाला वाकावं लागतं. ‘क्षमा’ म्हटलं की संगीत नाटक आठवतं. ‘माफ करा’ म्हटलं की समोरचा एक पायरी वर चढतो. ‘सॉरी’ला वाकावं लागत नाही. लहान म्हणू शकतो, मोठा म्हणू शकतो, साहेब शिपायाला म्हणू शकतो. म्हणून तो आपल्याकडे एवढा रुजला. त्याची ही सोय मी नाकारत नाही.

पण आपण हा शब्द घेतला तो अर्धाच घेतला, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी जरा त्याच्या मूळ गावी जाऊन यावं लागेल.

इंग्रजीत हा शब्द हजार वर्षांहून जुना. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘सारिग’ असं होतं आणि ते आलं ‘सार’ या शब्दावरून. ‘सार’ म्हणजे वेदना, जखम, ठणका. घसा धरला की डॉक्टर ‘सोअर थ्रोट’ म्हणतात, त्यातला ‘सोअर’ तो हाच. म्हणजे सॉरी याचा अगदी मुळातला अर्थ ‘ठणकणारा’. ज्याच्या मनाला ठणका लागलेला आहे, तो माणूस सॉरी. आपल्याला वाटतं, ‘सॉरी’ आणि दुःख या अर्थाचा ‘सॉरो’ ही सख्खी भावंडं असतील. ती नाहीत. ‘सॉरो’चं घराणं वेगळं. जर्मन भाषेत काळजीला ‘झोर्गं’ म्हणतात, तो ‘सॉरो’चा नातेवाईक. शेजारी राहून राहून माणसांच्या चालीबोली सारख्या होतात, तसे हे दोन शब्द एकमेकांसारखे दिसायला लागले, एवढंच. उलट जर्मन भाषेत ‘फार’ या अर्थाचा जो ‘झेअर’ हा शब्द आहे, तो आपल्या सॉरीचा खरा चुलतभाऊ. ‘दुखेपर्यंत’ या अर्थावरून तो ‘फार’ या अर्थावर आला. यात नवल वाटायला नको. आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतोच की.

तेव्हा एसटीतल्या आजोबांचा प्रश्न भाषाशास्त्राच्या दृष्टीनंही बरोबर होता. आग, ठणका हीच या शब्दाची जन्मकथा आहे. फक्त आग आजोबांच्या पायाला लागली होती आणि शब्द मुलाच्या तोंडात होता.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. इंग्रजीत सॉरी हे मुळात विशेषण आहे. ‘आय अ‍ॅम टायर्ड’ म्हणजे मी दमलोय. ‘आय अ‍ॅम हंग्री’ म्हणजे मी भुकेला आहे. त्याच रांगेत ‘आय अ‍ॅम सॉरी’ बसतं. मला वाईट वाटतंय, एवढंच ते वाक्य सांगतं. चूक कुणाची, हे त्यात कुठंच नाही. पुढं एकोणिसाव्या शतकात त्यातलं ‘आय अ‍ॅम’ गळून नुसतं ‘सॉरी’ म्हणायची रीत पडली आणि तो उद्गार झाला. आपल्यापर्यंत पोचला तो हा तुटलेला तुकडा. आपण सॉरी हा उद्गार म्हणून घेतला, विशेषण म्हणून घेतलाच नाही.

त्यामुळे त्याचे बाकीचे अर्थ तिकडेच राहिले. वरच्या पट्टीत, प्रश्नासारखं ‘सॉरी?’ म्हटलं की ‘काय म्हणालात, ऐकू आलं नाही.’ ‘सॉरी, बट’ अशी सुरुवात झाली की पुढं नकार किंवा अपमान येणार, हे नक्की. ‘यू विल बी सॉरी’ ही सरळसरळ धमकी आहे, पस्तावशील अशी. एखाद्याबद्दल ‘फील सॉरी’ म्हणजे कीव. ‘सॉरी स्टेट’ म्हणजे दयनीय अवस्था. शेक्सपिअरचा मॅकबेथ खून करून आल्यावर आपल्या रक्तानं माखलेल्या हातांकडे पाहतो, तेव्हा हेच विशेषण वापरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाच्या घरी मृत्यू झाला तर भेटायला आलेला माणूस ‘आय अ‍ॅम सॉरी’ म्हणतो. तिथं तो माफी मागत नसतो. त्यानं काही केलेलं नसतं. तुमच्या दुःखानं मलाही दुःख झालंय, असं तो म्हणत असतो.

म्हणजे या एका शब्दाच्या पोटात दोन वाक्यं आहेत. ‘माझी चूक झाली’ आणि ‘मला वाईट वाटतंय’. इंग्रजी माणसाचा कान प्रसंग पाहून त्यातलं एक निवडतो. आपल्या कानाला पहिलंच ऐकू येतं.

यामुळे काय होऊ शकतं, ते मी माझ्या घरात पाहिलं आहे.

१९९४ सालची गोष्ट. माझे अब्बा तालुक्याच्या गावी टेलरिंगचं काम करत. पोटाच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करत करत एके रात्री ते मशीनवरच कोसळले. जिल्ह्याच्या गावी नेलं. आतड्याला भोक पडून पू पोटात पसरला होता. पहाटे ऑपरेशनला घेतलं. आम्ही बाहेर बाकड्यावर. अम्मी, मी, धाकटा भाऊ आणि अब्बांच्या पाठचे माझे चाचा. सकाळी साडेसातला तरुण डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला, चाचांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘आय अ‍ॅम सॉरी. आम्ही पुष्कळ प्रयत्न केले.’’

चाचांनी त्यातलं एकच ऐकलं. ‘सॉरी’. मय्यत घरी आणली, दफनविधी झाला, आणि तिसऱ्या दिवशी चाचा म्हणाले, ‘‘डाक्टर खुद सॉरी बोल्या ना? गलती नहीं करी होती तो सॉरी कायकू बोलता?’’ बसलेल्या माणसांना ते पटलं. गल्लीत पसरलं. डॉक्टरनं कबूल केलं म्हणे. आठ दिवसांत तक्रारीचा अर्ज करायचं ठरलं आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. कारण घरात बी. ए. झालेला मी एकटा. मला इंग्रजी येत होतं. माझं अक्षरही चांगलं होतं.

मला सॉरीचे दोन्ही अर्थ माहीत होते. डॉक्टर काय म्हणाले, ते त्या सकाळीच मला कळलं होतं. तरी मी लिहिलं, ‘सदर डॉक्टरांनी आम्हां नातेवाइकांसमक्ष सॉरी असे म्हणून आपली चूक स्वमुखाने कबूल केली आहे.’ का लिहिलं? चाचांनी मला कडेवर घेऊन वाढवलं होतं, त्यांना ‘तुमचा अर्थ चुकतोय’ म्हणायची हिंमत नव्हती, हे एक कारण. दुसरं असं की, मलाही कुणीतरी दोषी हवा होता. दुखणं अंगावर काढणाऱ्या अब्बांवर रागावता येत नव्हतं. त्यांना वेळेवर दवाखान्यात न नेणाऱ्या माझ्यावर तर नाहीच.

अर्जावर सगळ्यांनी सह्या केल्या. अम्मीनं अंगठा उठवला नाही. ती म्हणाली, ‘‘उनके आंखां में पानी था, मैं देखी.’’ तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. सॉरीचा अर्थ आमच्यात फक्त तिलाच बरोबर लागला होता.

चौकशी झाली, त्यात काही निघालं नाही. दरम्यान, ते डॉक्टर गाव सोडून गेल्याचं कळलं.

पुष्कळ वर्षांनी मी जगातल्या बातम्या वाचू लागलो तेव्हा लक्षात आलं की, आमच्या गल्लीत जे झालं ते मोठमोठ्या देशांतही होतं. फक्त तिथं ते अडाणीपणानं होत नाही, ठरवून होतं.

१ एप्रिल २००१ रोजी अमेरिकेचं एक टेहळणी विमान आणि चीनचं एक लढाऊ विमान दक्षिण चीनच्या समुद्रावर एकमेकांना धडकलं. चिनी वैमानिक वांग वेई मरण पावला. अमेरिकी विमान कसंबसं चीनच्या हैनान बेटावर उतरलं आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात गेले. चीन म्हणाला, माफी मागा. अमेरिका म्हणाली, आमची चूकच नाही तर माफी कसली? आधी अमेरिकेनं खेद व्यक्त केला. त्यानं भागेना, तेव्हा गाडी ‘सॉरी’वर आली. अकराव्या दिवशी अमेरिकी राजदूतानं एक पत्र दिलं. त्यात दोनदा ‘व्हेरी सॉरी’ होतं. एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि एकदा तोंडी परवानगी न मिळता विमान उतरवल्याबद्दल. ‘अपॉलॉजी’ हा शब्द पत्रात नव्हता. चीननं आपल्या जनतेसाठी त्याचं भाषांतर करताना माफीच्या अंगानं जाणारा शब्द वापरला. अमेरिकेनं आपल्या लोकांना सांगितलं, आम्ही फक्त दुःख व्यक्त केलं. चीननं आपल्या लोकांना सांगितलं, त्यांनी माफी मागितली. दोघंही खोटं बोलत नव्हते. २४ माणसं घरी गेली. सॉरीच्या पोटातल्या दोन वाक्यांनी त्यांना सोडवलं.

माफीसाठी इंग्रजीत जो भारदस्त शब्द आहे, ‘अपॉलॉजी’, त्याचीही एक गंमत आहे. ग्रीक भाषेत ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपीनं आपल्या बचावासाठी केलेलं भाषण. इसवी सनापूर्वी ३९९ साली सॉक्रेटिसवर खटला चालला, त्या वेळचं त्याचं भाषण प्लेटोनं याच नावानं लिहून ठेवलं आहे. त्यात सॉक्रेटिस माफी मागत नाही. उलट आपलं बरोबर आहे, हेच ठासून सांगतो. पुढच्या काळात शब्दानं चक्क कूस बदलली. बचाव करणारा शब्द चूक कबूल करणारा झाला.

कबुली म्हटली की कोर्ट आलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका सिनेटरची मुलगी १९७४मध्ये सायकलवरून जाताना गाडीखाली सापडून गेली. गाडी चालवणारा माणूस कधी त्यांना येऊन ‘सॉरी’ म्हणाला नाही. कारण तसं म्हटलं तर ती कोर्टात चुकीची कबुली धरली जाईल, ही भीती. आपल्या मुलीसाठी कुणी हळहळलंसुद्धा नाही, हे त्या बापाला सहन होईना. त्यातून पुढं १९८६ साली त्या राज्यात कायदा झाला की, अपघातानंतर कुणी सहानुभूती दाखवली तर तो शब्द दिवाणी दाव्यात जबाबदारीचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. नंतर अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी आपापल्या परीनं असे कायदे केले. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं २००६ साली आणि ओंटारिओनं २००९ साली केला. माणसाला दुसऱ्याच्या दुःखात हळहळता यावं म्हणून कायदा करावा लागला! हे वाचलं तेव्हा मला माझा अर्ज आठवला. आपण स्वमुखाने, समक्ष, वगैरे लिहून नेमकं काय केलं होतं, ते त्या दिवशी पुरतं समजलं.

आणि जिथं खरोखर चूक कबूल करायची असते, तिथं हाच शब्द तोंडातून निघता निघत नाही. ऑस्ट्रेलियात तिथल्या मूळ रहिवाशांची हजारो मुलं सरकारनं अनेक दशकं आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये आणि गोऱ्यांच्या घरी वाढवली. १९९७ साली त्याचा मोठा अहवाल आला. लोकांनी माफी मागितली. वह्या ठेवून त्यात सह्या केल्या. २६ मे १९९८ला पहिला ‘सॉरी डे’ पाळला. २०००च्या मे महिन्यात सिडनीच्या पुलावरून माणसांचा लोंढा चालत गेला आणि वर आकाशात एका विमानानं धुरानं ‘सॉरी’ हा शब्द लिहिला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड मात्र खेदापलीकडे जायला तयार झाले नाहीत. १९९९मध्ये त्यांनी संसदेत ठराव मांडला तोही खेदाचाच. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी नवे पंतप्रधान केव्हिन रड संसदेत उभे राहिले आणि त्यांनी तो शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला. आई-वडिलांना सॉरी, भावंडांना सॉरी. गॅलरीत बसलेली म्हातारी माणसं रडत होती. त्याच मूळ रहिवाशांच्या इंग्रजीत ‘सॉरी बिझनेस’ असा एक शब्दप्रयोग आहे. त्याचा माफीशी संबंध नाही. कुणी गेल्यावर जे सुतक, जे विधी पाळतात, त्याला ते असं म्हणतात. शब्दाचा जुना, दुःखाचा अर्थ त्यांनी जपून ठेवला आणि सरकारकडून नवा अर्थ मागून घेतला.

आपलीही दोन उदाहरणं आहेत. १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ हे जहाज ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन कॅनडाच्या व्हँकुव्हर बंदरात पोचलं. त्यांत बहुतेक शीख, काही मुसलमान, काही हिंदू. मोजके अपवाद सोडून कुणालाच उतरू दिलं नाही. दोन महिन्यांनी जहाज परत पाठवलं आणि कोलकात्याजवळ बजबज इथं पोचल्यावर झालेल्या गोळीबारात काही प्रवासी मारले गेले. २००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी एका उद्यानातल्या कार्यक्रमात त्याची माफी मागितली. अनेक शिखांनी ती नाकारली. ते म्हणाले, ज्या संसदेनं कायदे केले तिथं बोला. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी ती संसदेत मागितली. शब्द तोच असला तरी तो कुठं उभं राहून म्हटला, यानंही अर्थ बदलतो. दुसरं उदाहरण जालियनवाला बागेचं. २०१९मध्ये हत्याकांडाला शंभर वर्षं झाली तेव्हा पंतप्रधान थेरेसा मे यांनी ब्रिटिश संसदेत खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी अमृतसरला आले. मी सरकारच्या वतीनं बोलू शकत नाही, पण मला स्वतःला लाज वाटते, मी सॉरी आहे, अशा अर्थाचं बोलले आणि त्या जमिनीवर चक्क पालथे पडले. आपल्याकडच्या साष्टांग नमस्कारासारखे.

आता परत आपल्या भाषेकडे येऊ. रेल्वे स्टेशनवर आपण ऐकतो, होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पुढारी मंडळी म्हणतात, माझ्या वक्तव्यानं कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो. विरोधक म्हणतात, दिलगिरी नको, माफी मागा. म्हणजे दिलगिरी आणि माफी यांतला फरक आपल्यालाही चांगला कळतो. हा ‘दिलगीर’ फारसीतून आला. ‘दिल’ म्हणजे हृदय आणि ‘गीर’ म्हणजे पकडणारा. जग मुठीत धरणारा तो जहांगीर, त्यातला गीर. दिलगीर म्हणजे ज्याचं काळीज दुःखानं धरलं आहे असा. जुन्या मराठी पत्रांत, बखरींत एखादा सरदार दिलगीर झाला असं वाचलं तर तो माफी मागत होता असं समजू नका. तो दुःखी झाला होता. पुढं हाच शब्द अर्जांत, जाहिरातींत, स्टेशनांवर येऊन माफीकडे सरकला. ठणक्याच्या ‘सॉरी’नं जो रस्ता इंग्लंडात तुडवला, तोच काळीज धरणाऱ्या ‘दिलगीर’नं महाराष्ट्रात तुडवला. दोन्हींची सुरुवात दुखण्यातून आहे. ज्याला दुखलं नाही, त्याची माफी खोटी, असंच जणू या दोन्ही भाषा सांगतात.

‘माफ’चं घर आणखी निराळं. तो अरबीतून आला. त्याच्या मुळात पुसून टाकण्याचा अर्थ आहे. म्हणून मराठीत सारा माफ होतो, फी माफ होते, कर्ज माफ होतं. वहीतली नोंद पुसली जाते. सॉरी माझ्याबद्दल बोलतो, माफी तुमच्याकडे मागते. मला वाईट वाटतंय, हे मी एकटा घरात बसूनही म्हणू शकतो. पण नोंद पुसायची तर वही ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे जावं लागतं.

आमच्यात हजला निघालेला माणूस घरोघर फिरून ‘कहा-सुना माफ करना’ म्हणतो. देवाचा गुन्हा देव माफ करील, माणसाचा त्या माणसानंच केला पाहिजे, अशी त्यामागची शिकवण. पर्युषण संपताना आमच्या गावातले जैन व्यापारी सगळ्यांना हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत, त्यातही जावं लागतंच. अम्मी २००६मध्ये हजला गेली. सगळी गल्ली फिरून आली आणि रात्री मला म्हणाली, ‘‘तू डाक्टर के पास गया था क्या?’’ मी गेलो नव्हतो. ती परत आली, आणखी काही वर्षं जगली आणि गेली. तरी मी गेलो नव्हतो.

२०२३मध्ये माझी स्वतःची वेळ आली. नावांची यादी केली, तेव्हा पहिलं नाव कुणाचं लिहायचं, याचा विचार करावा लागला नाही. डॉक्टर निवृत्त होऊन दुसऱ्या शहरात राहत होते. फोन करून गेलो. त्यांना अब्बांचं नाव आठवलं नाही, ते स्वाभाविक होतं. पण अर्ज म्हटल्याबरोबर ते म्हणाले, ‘‘तो विसरलो नाही. अक्षर फार सुंदर होतं.’’

मी म्हणालो, ‘‘ते अक्षर माझं.’’

वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. ‘सॉरी’ मला म्हणवेना. म्हणालो, ‘‘माझं चुकलं, डॉक्टर. तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं होतं. कळून लिहिलं. माफ करा.’’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘त्या दिवसानंतर मी कुठल्याच नातेवाइकाला सॉरी म्हटलं नाही. ज्युनिअर्सनाही सांगायचो, पेशंट गेला एवढंच सांगा आणि आत या.’’ त्यांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. जे झालं ते सांगितलं. पण किती घरांतल्या माणसांना त्या शब्दाशिवाय बाकड्यावरून उठावं लागलं असेल, हे माझ्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. वहीतली ही नोंद पुसणं एकट्या डॉक्टरांच्या हातात नव्हतं.

चहा झाला. मी उठलो. दारापर्यंत सोडायला येताना त्यांनी विचारलं, ‘‘तुमच्या आई तेव्हा एका बाजूला बसून होत्या. त्यांनी सही केली नव्हती, ते मला नंतर कळलं होतं. कशा आहेत त्या?’’

मी सांगितलं, ‘‘गेल्या.’’

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘सॉरी.’’